तीन दिवस मोजलेलं दुकान

कारखान्यात मला सगळे कात्री म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण म्हणतात हे मला माहीत आहे, आणि खोटं कशाला बोलू, त्याचं मला वाईटही वाटत नाही. बावीस वर्षं मी तयार शर्ट तपासते. टाका उसवलेला असो, बटण एका दोऱ्यावर लोंबत असो, नाहीतर एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब असो, दिसलं की मी नग बाजूला फेकते, मग शिवणारी समोर उभी राहून रडत का असेना. खोक्यातला वरचा नग मी कधीच उचलत नाही. वरचे नग चांगलेच असतात, कारण ते कुणीतरी मुद्दाम वर ठेवलेले असतात. हात पार तळापर्यंत घालायचा आणि मधला कुठला तरी ओढायचा. मला येणारी गोष्ट एवढी एकच, पण तिच्या जोरावर मी घरात शहाणी म्हणून मिरवत आले.

माझा धाकटा भाऊ पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होता. गेल्या वर्षी त्या प्रेसनं त्याच्या उजव्या हाताची चार बोटं नेली. अंगठा तेवढा राहिला. कारखान्यानं आधी बरेच आढेवेढे घेतले, मग भरपाई दिली आणि त्याच आठवड्यात कामावरून कमीही केलं. वय चौतीस, घरात बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. भावजय एका दवाखान्यात नोंदी ठेवायचं काम करते, त्यावर दोन खोल्यांचं भाडं आणि दोन वेळचं जेवण कसंबसं निघतं. बाकी जे काही होतं ते त्या भरपाईचंच. आपल्या हाताचे पैसे आहेत, असं तो म्हणायचा, आणि तो असं म्हणाला की समोरच्याला कुठे बघावं ते कळायचं नाही.

आठ महिने तो काम शोधत फिरला. जिथे जाईल तिथे लोक आधी हाताकडे बघायचे आणि मग बसायला खुर्ची द्यायचे. "खुर्ची पुढे केली की समजायचं, काम देणार नाहीत," हे तो हसत हसत सांगायचा. नंतर नंतर हसणं गेलं. पुढे पुढे तो फिरायचाही थांबला. मी गेले की तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा, दिवसाढवळ्या, पायात बूट तसेच.

अशात त्याला ती कंपनी सापडली. पाव, केक आणि बिस्किटं विकायची तिची दुकानं होती. पाटी त्यांची, भट्टी त्यांची, मळून गोठवलेलं पीठही त्यांच्याच गाडीतून येणार. आपण जागा घ्यायची, पैसे भरायचे आणि विकायचं. फ्रँचायझी हा शब्द तो इतका जपून उच्चारायचा, की जणू जोरात बोललं तर तो फुटेल.

"ताई, यात बोटांचं काम नाही," तो म्हणाला. "ट्रे आत सरकवायचा, बटण दाबायचं. त्यांच्या ऑफिसात मी एका हातानं करून दाखवलं."

"आणि पाव खपले नाहीत तर?"

"म्हणून तर तुझ्याकडे आलो. तू बघ, तपास, काय हवं ते कर. तू पास म्हटलंस तर घेतो. नापास म्हटलंस तर विषय संपला, पुन्हा नाव काढणार नाही."

भावजयीचं मत वेगळं होतं. पैसे बँकेत ठेवावेत, व्याज थोडं का होईना घ्यावं आणि गप्प बसावं. ती एरवी मला ताईच म्हणते, चिडली की वन्सं म्हणते. त्या दिवशी चहाचा कप पुढ्यात ठेवून म्हणाली, "वन्सं, मला यातलं काही कळत नाही. पण तुम्ही बघणार असाल तर मी मध्ये बोलत नाही. तुमच्या हातून आजवर वाईट नग गेलेला नाही, असं हेच सांगतात."

आता असं कुणी म्हटल्यावर माणूस फुगतोच. मीही फुगले.

करारनामा मी तीन संध्याकाळी बसून वाचला, लाल पेन हातात घेऊन. जिथे अडलं तिथे खूण केली आणि रविवारी भावाला घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेले. समोर एक पंचविशी-तिशीचा माणूस होता. सवयीनं मी आधी त्याचा शर्ट बघितला. शिलाई चोख होती. मी एकेक विचारत गेले आणि तो एकेक सांगत गेला. उरलेला माल कुणाच्या अंगावर? तुमच्या. रोज ठरलेलं पीठ घ्यावंच लागतं का, विक्री असो नसो? हो, घ्यावंच लागतं. शेजारी तुमचंच दुसरं दुकान निघालं तर? पाच वर्षं निघणार नाही, तसं कलम आहे. मध्येच सोडायचं म्हटलं तर? आगाऊ रक्कम म्हणजे एक चतुर्थांश, ती गेली. आणि करारावर सही झाल्यावर सोडलं तर सगळीच गेली. हे त्यानं माझ्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं. मला तो आवडला. लपवाछपवी करणारा माणूस मला शिलाईवरून कळतो, आणि याच्यात मला एकही सैल टाका सापडेना.

मग त्यानं चार दुकानदारांचे फोन नंबर दिले. मी चौघांना फोन केले. चौघेही म्हणाले, बरं चाललंय. पुढच्या खेपेला मी ती यादी त्याच्या टेबलावर परत ठेवली आणि म्हटलं, "हे तुमचे वरचे नग झाले. मला खालचा दाखवा."

तो खळखळून हसला. "ताई, तुमच्यासारखी माणसं फार कमी येतात. मग एक करा, आमच्यावर विश्वासच ठेवू नका. आमचं नमुना दुकान आहे. पुढच्या आठवड्यात सोमवार ते बुधवार जा, सुट्टीची गर्दी नसते. आम्ही त्यांना कळवणार नाही, तुम्हीही कोण ते सांगू नका. साधं गिऱ्हाईक बनून जा, काहीतरी विकत घ्या, बसा, स्वतःच्या डोळ्यांनी मोजा. एक दिवस नको, तीन दिवस मोजा. आणि सकाळी दहा ते दोन जा, खरा धंदा तेव्हाच कळतो."

मला वाटलं, हा माणूस मला तळापर्यंत हात घालू देतोय.

मी तीन दिवस रजा टाकली. बावीस वर्षांत सलग तीन दिवस रजा मी फक्त भावाच्या अपघाताच्या वेळी घेतली होती. दुकान दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर होतं. पुढे काच, आत सहा-सात टेबलं, मागे भट्टी, आणि काउंटरमागे डोळ्यांखाली काळं पडलेली एक किडकिडीत बाई. लोण्याचा वास इतका होता की पोट भरलेलं असतानाही तोंडाला पाणी सुटायचं. मी कोपऱ्यातलं टेबल धरलं, एक चहा, एक गोड पाव, आणि मांडीवर पर्समध्ये वही. माणूस आला की एक रेघ. पाचवी रेघ आडवी.

पहिल्या दिवशी एकतीस झाले. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस. तिसऱ्या दिवशी तेहतीस. एवढ्या वेळात वीस गिऱ्हाइकं झाली तरी खर्च निघतो, असा हिशेब मी कागदपत्रांवरून आधीच करून ठेवला होता. पण नुसत्या रेघा मारून थांबणारी मी नव्हे. कोण येतंय, काय घेतंय, किती वेळ थांबतंय, सगळं लिहिलं. एक छत्रीवाले म्हातारे गृहस्थ होते, ऊन असो नसो, हातात छत्री. ते घेतलेल्या पावाची पावती नीट घडी करून खिशात ठेवायचे. मी लिहिलं, चोखंदळ माणूस. एक नवरा-बायको होते, खुसूखुसू भांडत तासभर बसायचे. एक मोठी पिशवी घेतलेली बाई चहा पिता पिता छताकडे, दिव्यांकडे, भट्टीकडे बघत राहायची. मी लिहिलं, लोकांना जागा आवडते. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून लिहिलं: तीनही दिवस तेच तेच चेहरे आले, म्हणजे इथे गिऱ्हाईक टिकतं.

तिसऱ्या दिवशी उठताना काउंटरवरची बाई माझा कप उचलायला आली. "अजून किती दिवस येणार?" तिनं विचारलं.

माझा पारा चढला. "फुकट नाही बसत. पैसे मोजून बसते," मी म्हटलं.

ती टेबल पुसून निघून गेली. तिला अजून काहीतरी म्हणायचं होतं हे मला दिसलं होतं, पण माझा आवाज ऐकून माणसं गप्प बसतात. त्याचंही मला तोवर कधी वाईट वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी भावाच्या घरी गेले आणि दारातूनच म्हटलं, "पास."

तो पलंगावरून उठला. आत जाऊन त्यानं तोंड धुतलं, केस विंचरले आणि बाहेर येऊन मुलीला म्हणाला, "चल, फिरून येऊ." आठ महिन्यांत तो तिला घेऊन बाहेर पडला नव्हता. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडली. मला म्हणाली, "ताई, तुम्ही होतात म्हणून." दुसऱ्या दिवशी त्यानं आगाऊ रक्कम भरली.

करारावर सह्या करायच्या आणि उरलेले पैसे भरायचे तो दिवस तीन आठवड्यांनी आला. कंपनीनं सगळ्या नव्या दुकानदारांना एकदमच बोलावलं होतं. माझं तिथे काही काम नव्हतं. पण मला ते बघायचं होतं, म्हणून मी गेले. ऑफिसाच्या वरच्या मजल्यावर लांबोडकी खोली होती, खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीपुढे काचेचं अरुंद टेबल, त्यावर चकचकीत फाईल आणि पाण्याची बाटली.

आम्ही आत शिरतो न शिरतो तोच मागच्या रांगेतून कुणीतरी छत्री उंच केली.

"अहो, तुम्ही! कोपऱ्यातल्या टेबलवाल्या!"

तेच गृहस्थ होते. मला खरंच आनंद झाला. ओळखीचं माणूस भेटलं की होतो तसा.

"तुम्हीही दुकान घेताय?" मी विचारलं.

"म्हणजे काय! तीन दिवस जातीनं बसून मोजलं मी. डोळ्यांत तेल घालून." त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि कौतुकानं माझ्यापुढे धरली. "हे बघा, तुमचीसुद्धा नोंद आहे. चष्मेवाल्या बाई, रोज येतात, नेहमीचं गिऱ्हाईक."

मी ते वाचलं. मग मान वर करून खोलीकडे बघितलं. दुसऱ्या रांगेत ते नवरा-बायको बसले होते, खुसूखुसू बोलत. खिडकीशी ती मोठी पिशवीवाली बाई. तिच्या शेजारी तो टक्कल असलेला माणूस, जो रोज दोन केक बांधून न्यायचा. त्याच्यामागे दोघी बहिणी. मी एकेक चेहरा बघत गेले. सगळेच माझ्या वहीतले होते.

वही पर्समध्येच होती. मी छत्रीवाल्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि त्यांना काही न सांगता रेघा खोडायला सुरुवात केली. त्यांनी थोडा वेळ बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनीही डायरी उघडली. आम्ही दोघं मान खाली घालून, शाळेतल्या पोरांसारखे, एकमेकांना विचारत खोडत गेलो. पिशवीवाली? खोडा. बहिणी? दोन्ही. तुम्ही? मी. तुम्ही? मीही. तीन दिवसांत मिळून आमच्याकडे अकरा माणसं उरली. त्यातल्या दोघी शाळकरी मुली होत्या, एक टॅक्सीवाला सुटे पैसे मागायला आला होता आणि एक बाई नुसता पत्ता विचारून गेली होती. ती मी मोजायलाच नको होती.

अजून किती दिवस येणार, असं ती काउंटरवरची बाई का विचारत होती, ते मला आता कळलं: तिच्या दुकानात यायचे ते असेच, तीन दिवस मोजून जाणारे. इतका राग मला कुणाचा कधी आला नव्हता, आणि त्यातला बराचसा स्वतःचाच होता.

तो चोख शर्टवाला पुढे येऊन उभा राहिला आणि सगळ्यांचं स्वागत करू लागला. मी त्याला बोलूच दिलं नाही.

"थांबा," मी उठून म्हटलं. "इथे बसलेल्यांपैकी नमुना दुकान मोजायला कोण कोण गेलं होतं? हात वर करा."

लोकांनी एकमेकांकडे बघत हात वर केले. एकाचा, दुसऱ्याचा, मग सगळ्यांचेच.

"बघा. एकमेकांची तोंडं नीट बघा," मी म्हटलं. "आपण एकमेकांनाच मोजलं. दुसरं कुणी नव्हतंच तिथे."

दुसऱ्या रांगेतली बायको नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे आपण—" आणि नवऱ्यानं तिचा दंड धरला. मला वाटलं, आता भडका उडेल, लोक याची गचांडी धरतील.

तो माणूस जराही डगमगला नाही. "ताई, आम्ही तुम्हाला काय खोटं सांगितलं?" तो शांतपणे म्हणाला. "जा म्हटलं, तुम्ही गेलात. मोजा म्हटलं, मोजलंत. पाव पैसे देऊन घेतलेत की नाही? दुकानाचा गल्ला भरला. कोण कशाला आलं, हे गल्ल्याला काय माहीत? आणि इतकी चौकस, कष्टाळू माणसं आम्हाला हवीच होती. ज्यांना शंका असेल त्यांनी आत्ता उठावं. आगाऊ रकमेचा नियम सगळ्यांना माहीत आहे."

मी वाट बघितली. कुणीही उठलं नाही. पिशवीवाली बाई पिशवीचा बंद चाळवत राहिली. टक्कलवाला म्हणाला, "आमच्या भागात असं दुकानच नाही. तिथे चालेल." त्यावर दोघं-तिघं माना हलवून म्हणाले, आमच्याही भागात नाही. आणि छत्रीवाले, ज्यांनी आत्ता माझ्या बरोबरीनं रेघा खोडल्या होत्या, ते डायरी खिशात घालत मला म्हणाले, "बाई, बसा खाली. मी पेन्शनीतले पैसे काढून आलोय. मुलाला, सुनेला, सगळ्या बिल्डिंगला सांगून आलोय. चांगल्या कामात असं बोलू नये."

त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल चीड होती. त्या माणसाबद्दल नव्हती.

मी भावाजवळ गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "ऊठ. चुकलं माझं. चतुर्थांश गेले तर गेले, तीन हिस्से वाचतील. चल घरी."

तो फाईलकडे बघत होता. "आणि मग?"

"मग बघू काहीतरी."

"काय बघू? आठ महिने बघितलंच की." त्यानं मान वर केली. रागावला नव्हता. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. "घरी जाऊन मी काय करू, ताई? पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडू? पोरीनं शाळेत सांगितलंय, बाबांचं दुकान होणार. रोज विचारते, पाटी कुठल्या रंगाची."

"अरे, तिथे गिऱ्हाईक नाही. मी मोजलंय, आत्ता, पुन्हा."

"माझ्या जागेवर येईल."

"हे सगळे तेच म्हणतायत."

"मग मीही म्हणतो," तो म्हणाला. "बुडालं तर दुकानात उभा राहून बुडेन. पलंगावर पडून नको."

पुढच्या रांगांमधून पानं उलटल्याचे आवाज येऊ लागले होते. त्यानं डाव्या हातात पेन घेतलं. अपघातानंतर तो डाव्या हातानं सही करायला शिकला होता. अक्षर वाकडं यायचं, पण बँकेत चालायचं. टेबल काचेचं होतं आणि कागद गुळगुळीत. पेन टेकवलं की पान सरकायचं. त्यानं उजव्या हाताचा तळवा त्यावर दाबायचा प्रयत्न केला, पण तिथली कातडी अजून हुळहुळी होती, जोर देता येईना. पान गोल फिरलं. त्यानं ते नीट केलं. ते पुन्हा फिरलं. दोन थेंब घाम काचेवर पडले, ते त्यानं बाहीनं पुसले.

"ताई," तो म्हणाला, "कागद धर."

बोटं गेल्यापासून त्यानं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. शर्टाची बटणं तो अंगठ्यानं आणि दातांनी लावायचा, बुटाची नाडी बांधायला पाव तास लावायचा, बायको पुढे झाली तर तिचा हात झटकून टाकायचा. मी तर त्याला कधी पाणीसुद्धा भरून देऊ शकले नव्हते. आज पहिल्यांदा त्यानं मागितलं, तेही माझ्याकडे.

मी पेन हिसकावून घेऊ शकले असते. नापास, असं ओरडू शकले असते. तोच म्हणाला होता की तू नापास म्हटलंस तर विषय संपला, आणि तो शब्द त्यानं पाळलाही असता. मला अजूनही वाटतं की पाळला असता. म्हणून तर ते एवढं वाईट आहे.

मी त्याच्या शेजारी गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी कागद दाबून धरला. त्यानं सावकाश सही केली, पान उलटलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी पुढचं धरलं. करारनामा सोळा पानांचा होता आणि प्रत्येक पानावर सही लागत होती.